सगळ्यांसाठी एकदाच का टाकत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जळगावात मी ज्या कॉलेजची लॅब सांभाळतो, तिथे नवी बॅच आली की हा प्रश्न ठरलेला: "सर, टर्मिनलमध्ये 'गिट चेक' लिहून टॅब दाबला की याच्याकडे 'चेकआउट' पूर्ण होतं, माझ्याकडे नुसती फोल्डरमधली फाइलनावं शोधतंय. सगळ्यांसाठी एकदाच का टाकत नाही?" शेजारचा लगेच अहिराणीत, "मनाकडे तं चालस!"

तर, उबुंटूत (म्हणजे लॅबमधल्या लिनक्सवर) टॅबनं कमांड पूर्ण करण्याची ही सोय मशीनवर एकदाच बसते, पण ती चालू करणाऱ्या ओळी मुख्यतः दोन ठिकाणी असतात. ईटीसी या सगळ्या मशीनच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक सामाईक बॅशआरसी असते, म्हणजे बॅश हे कमांड वाचणारं शेल सुरू होताना वाचतं ती फाइल. तिच्यात त्या आहेत, पण प्रत्येकीपुढे हॅशचं (#) चिन्ह लावून बंद. चालू ओळी असतात त्या ज्याच्या-त्याच्या होममधल्या, म्हणजे स्वतःच्या फोल्डरमधल्या बॅशआरसीत, आणि ती फाइल खातं उघडताना ईटीसीतल्या स्केल फोल्डरमधून नकलून येते. कुणी ती उडवली की डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये त्याची सोय गेली. स्केलमधून पुन्हा कॉपी करायची आणि नवं टर्मिनल उघडायचं, झालं काम. मात्र स्केलमध्ये आज केलेला बदल फक्त यापुढच्या खात्यांना मिळतो, जुन्यांना नाही.

मग हॅश काढून सगळ्यांनाच का देत नाही? टॅबपुरतं देईनही, त्यानं कुणाचं बिघडत नाही. पण मुलं तेवढ्यावर थांबत नाहीत. कुणाला रंगीत प्रॉम्प्ट (ओळीच्या सुरुवातीची खूण) हवा, कुणाला आरएमनं, म्हणजे फाइल उडवणाऱ्या कमांडनं, आधी विचारायला हवं. ते सामाईक फाइलीत टाकणं म्हणजे भरीत पार्टीत आपल्या जिभेच्या हिशोबानं अख्ख्या पातेल्यात मिरची ओतणं. आरएमच्या बाबतीत तर मी हट्टी आहे. इथे 'काढू का?' विचारण्याची सवय लागलेला पोरगा उद्या पुण्यातल्या सर्व्हरवर बसेल, तिथे कुणी विचारणार नाही.

कॉलेजच्या प्रॉक्सीचा (ज्यातून इंटरनेट मिळतं त्या मशीनचा) पत्ता मात्र सगळ्यांनाच लागतो. तो मी एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल म्हणून ईटीसीतल्या प्रोफाइल-डी फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवतो. मूळ फाइलींना हात लावला की अपग्रेडच्या वेळी 'तुमची ठेवू की नवी घेऊ?' हे झंझट मागे लागतं.

पण तिथे एलियास (कमांडचं टोपणनाव) टाकून फसू नका. तो फोल्डर लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताना सुरू होणारं शेल, वाचतं. एसएसएचनं (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) आलात तर एलियास चालेल. डेस्कटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडलीत तर नाही, कारण ते साधं शेल असतं. एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल लॉगिनपासून पुढच्या शेलांना वारशानं मिळतं, एलियास मिळत नाही.

अजून एक, इनपुटआरसीचं, म्हणजे टर्मिनलमध्ये कोणती कळ काय करेल ते ठरवणाऱ्या फाइलीचं. बॅशआरसीत आधी सामाईक आणि मग तुमची, अशा दोन्ही फाइली वाचल्या जातात. इनपुटआरसी होममध्ये केलीत की ईटीसीतलीकडे कुणी बघतच नाही. तीही हवी असेल तर आपल्या फाइलीत पहिलीच ओळ डॉलर-इन्क्लूडची घाला, ती ईटीसीतली फाइल आत ओढून घेते.