तुम्ही विचारलंत म्हणून : विकत मिळतं, मग घासत का बसता?

“विकत मिळतं की ओ सगळं आता. मग हे घासत कशाला बसता?”

मिरजेतल्या माझ्या कृत्रिम दातांच्या लॅबवर येणारे डॉक्टर हे विचारतात. सांगलीत घरी फराळाला आलेले पाहुणे विचारतात. टेबलावर मी हातानं करत असलेलं मॉडेल असतं, पस्तीसपट लहान केलेली डेमलर आर्मर्ड कार, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश चिलखती गाडी, टरेट (तोफेचा फिरता घुमट) काढून बाजूला ठेवलेला, आणि मी काहीतरी पुटपुटून चहाचं विचारतो. ‘आवड आहे’ म्हणतो. ते खोटं नाही, पण त्यानं विचारणाऱ्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

पैसे वाचवायला मी हे करत नाही. मॉडेलच्या बारीक भागांचे पितळी पत्र्याचे कोरीव संच परदेशातून मागवले तर महाग पडतात हे खरं, पण माझ्या तासांचा हिशेब धरला तर माझं काम त्याहून महाग जाईल. वेळ जात नाही म्हणूनही करत नाही. कृत्रिम दातांची लॅब चालवणाऱ्याचा वेळ जायचा राहत नाही. गुरुवारी पेशंटला कॅप बसवायची असेल तर ती बुधवारी रात्री तयार लागते. आणि युद्धाचं वेड म्हणाल तर तेही नाही. अहमदनगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ साली उघडलं. तिथं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठमोठे रणगाडे सोडून रोल्स-रॉईसच्या सिल्व्हर घोस्टवर बांधलेल्या चिलखती गाडीपाशीच थांबून राहिलो. उंची मोटारगाडीला कुणीतरी पोलादाचं अंग चढवलं होतं. ते कसं चढवलं असेल, एवढंच मला बघायचं होतं. अजूनही तेवढंच बघायचं असतं.

आता कामाचं. खरी डेमलर १३ फूट लांब, म्हणजे ३.९६ मीटर. पस्तिसानं भागलं की ११३ मिलिमीटर. तिच्या चिलखताची जाडी ७ ते १६ मिलिमीटर. तिलाही भागा, ०.२ ते ०.४६ येतं. आता किटमधलं, म्हणजे विकत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या संचातलं, गाडीचं झाकण घ्या. साच्यातून निघणारं प्लास्टिक फार पातळ करता येत नाही, ते साधारण एक मिलिमीटर भरतं. म्हणजे खऱ्या मापात साडेतीन सेंटिमीटरचं पोलाद, त्या गाडीवरच्या सगळ्यात जाड पत्र्याच्या दुप्पट. झाकण बंद असेल तर कळत नाही. उघडं दाखवलं की कड दिसते, आणि एकदा ती कड डोळ्यात खुपली की मला पुढं काही सुचत नाही.

मग मी अर्ध्या मिलिमीटरचा स्टायरीनचा, म्हणजे प्लास्टिकचा, पत्रा घेतो, झाकण कापतो, कडा पॉलिशपेपरवर उतरवतो. बिजागरीत घालायला सतारीच्या तरफेची (मुख्य तारांखालची बारीक) तार. लॅब मिरजेत असल्यानं या बाबतीत मी भाग्यवान आहे. सतारमेकर गल्लीत इतक्या वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी आणि पितळी तारा मिळतात की छंदाच्या दुकानात मिळणार नाहीत. बोल्टच्या डोक्यांसाठी पाव मिलिमीटरच्या पत्र्यातून पंचानं चकत्या पाडायच्या, एकेक ओल्या ब्रशच्या टोकावर उचलायची, जागेवर ठेवायची आणि बाजूनं सॉल्व्हंटचा थेंब सोडायचा. सॉल्व्हंट जास्त झाला तर चकती विरघळते, कमी झाला तर रंगवताना निसटते. दातावर झिजून टाकून दिलेले बर, म्हणजे दातांच्या ड्रिलची टोकं, इथं भोकं पाडायला वर्षानुवर्षं चालतात.

इथपर्यंत कुणी वाद घालत नाही. “बरोबर आहे, किटमधलं जाड असतं,” म्हणतात. पण लगेच पुढचं येतं: पितळेचं कोरीव पातळ असतं, रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेलं तर हवं तेवढं नाजूक निघतं, मग? हाच खरा प्रश्न आहे, आणि तो मला परक्यानं विचारला नाही. घरातच विचारला गेला.

त्यासाठी डेमलरच्या मागच्या चाकाबद्दल सांगावं लागेल. मागचं चाक म्हणजे टायर नव्हे, मागचं स्टेअरिंग. या गाडीत ड्रायव्हर पुढं बसतो, इंजिन मागं, आणि मधे टरेटमध्ये कमांडर आणि तोफवाला. कमांडरसाठी मागच्या बाजूला तोंड करून दुसरं स्टेअरिंग दिलेलं असतं. गिअर पाच, आणि ते पाचही उलट्या दिशेनं चालतात. टेहळणीच्या गाडीचं काम लढत बसणं नव्हे. पुढं जायचं, शत्रू कुठं आहे ते बघायचं आणि खबर घेऊन परत यायचं. अरुंद रस्त्यावर अचानक समोर तोफ दिसली तर गाडी वळवायला वेळ नसतो. जशी आहे तशी मागं पळवावी लागते. ज्यानं कुणी ते दुसरं स्टेअरिंग आखलं त्यानं आत बसलेल्या तिघांना परत आणण्याचा विचार केला होता. मला या गाडीत सगळ्यात जास्त काय आवडतं म्हणाल तर तो विचार.

आपल्याकडं या गाडीचं नाव घेतलं जातं ते काश्मीरमधल्या शालटेंगच्या लढाईसाठी. ७ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरच्या वेशीवर पाकिस्तानकडून आलेले टोळीवाले जमले होते, आणि आपल्या लष्कराच्या सातव्या लाइट कॅव्हलरीच्या चिलखती गाड्या वळसा घालून त्यांच्या पाठीमागून आल्या. अंबाल्याहून निघून बनिहालचा घाट ओलांडून, कच्च्या पुलांवरून त्या तिथवर पोचल्या होत्या. मी करतोय ती त्यातलीच एक आहे असं मी धरून चाललोय.

तर ते मागचं स्टेअरिंग. मापात ते शर्टाच्या बटणाएवढं होतं. तानपुऱ्याच्या खर्जाची पितळी तार ड्रिलच्या दांड्यावर वळवली, एक वेढा कापला, सांधा डाग देऊन बंद केला, आरे बसवले. कडी पूर्ण गोल यायला बराच काळ गेला. डाग देताना जरा जास्त उष्णता लागली की पितळ मऊ पडतं आणि कडी बसते. आणि टरेट लावला की हे सगळं अंधारात जाणार, हे मला माहीत होतं.

माझा मुलगा आता लॅब बघतो. २०१९ च्या पुरानंतर आम्ही घरातलं माझं टेबल वरच्या मजल्यावर हलवलं, तेव्हापासून रात्री तो जेवून वर येतो, बसतो, बघतो. त्याला माझ्या कामात रस आहे, असं मला वाटायचं, आणि ते खरंच होतं. एका रात्री त्यानं खिशातून बरची एक रिकामी डबी काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. आत मागचं स्टेअरिंग होतं. करड्या रेझिनचं, लॅबच्या प्रिंटरवर काढलेलं, आधाराच्या काड्या कापून, खालचे ठिपके घासून साफ केलेलं.

मी भिंग घेतलं. कडी माझ्यापेक्षा गोल होती. मधल्या तुंब्यावर स्क्रूची डोकी होती, खाचांसकट. माझ्या चाकावर ती नव्हती. पत्रा, तार, पंच यांनी ती मला करताही आली नसती.

“सुंदर झालंय,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो. आणि डबी बंद करून टेबलाच्या कडेला ठेवली.

तो थांबला. मग म्हणाला, “बसवणार नाही ना पप्पा तुम्ही हे?”

मी म्हणालो, “माझं झालंय की तयार.”

“तुमच्यापेक्षा चांगलंय.”

“हो, चांगलंय.”

“मग?”

मी काहीतरी बोललो. हातानं केल्याशिवाय वस्तू कळत नाही, असलं काहीतरी. तो उठून उभा राहिला, आणि त्यानं जे विचारलं ते मी अजून विसरलेलो नाही. “पेशंटच्या तोंडात तुम्ही मशीनचा दात बसवता. तो तिथं वीस वर्षं राहणार असतो. तिथं चालतं. आणि या खेळण्यात मशीनचं चाक चालत नाही?”

खेळण्यात, हा शब्द तो रागात बोलला, हे मला कळतं. पण बाकीचं रागातलं नव्हतं.

मी या धंद्यात आलो तेव्हा दात मेणात कोरायचे, साचा करायचा, धातू ओतायचा, वर पोर्सेलीनचे थर चढवून भट्टीत घालायचे. दाढेच्या खाचा कोरायला हात बसायलाच वर्षं लागायची. आता डॉक्टरकडून स्कॅन येतो, पडद्यावर दात आखला जातो, झिरकोनियाच्या (दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकच्या) चकतीतून मशीन तो कापते. भट्टीत १५०० अंशांच्या आसपास तो साधारण पाचव्या हिश्श्यानं आकसतो, म्हणून आधीच तेवढा मोठा कापावा लागतो. ते गणितही मशीनच करते. आणि तो दात बसतो. कड हिरडीपाशी चपखल बसते, पेशंट जेवतो. आमच्याच लॅबमध्ये ती मशीन आणायला मी सही केली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पेशंटला माझा हात नको असतो, दात हवा असतो.

मग गाडीत वेगळं काय? त्या रात्रीपर्यंत मी लोकांना ठासून सांगायचो की करताना वस्तूचा अर्थ कळतो, विकत आणलेल्या भागातून कळत नाही. शाळेच्या एका प्रदर्शनात पोरांपुढंही हेच बोललो होतो. पण मुलानं ते चाक आखायला माझ्याच वहीतली मापं घेतली होती, जुने फोटो गोळा केले होते, आणि त्याला एक प्रश्न पडला होता. ती डबी आणण्याच्या आधी, एकदा सहज बोलल्यासारखं त्यानं मला विचारलं होतं : “मागं बसलेल्यानं नुसतं चाक फिरवून काय होणार? ॲक्सिलरेटर कुठंय? ब्रेक कोण मारणार?” आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत फोटो मोठे करून बघत बसलो होतो. तार वळवून, डाग देऊन, घासून मी ते चाक केलं, आणि मला तो प्रश्न पडला नव्हता. माउस धरणाऱ्याला पडला. म्हणजे हातानं केलं तरच कळतं, हे माझं म्हणणं माझ्या डोळ्यांदेखत पडलं.

तरी मी माझंच चाक बसवलं.

नंतर बरेच दिवस लॅबमध्ये आमचं कामापुरतं बोलणं झालं. कुठली केस कधी द्यायची, भट्टी कधी लावायची. हिनं एकदा विचारलं, “पोरानं एवढं केलं होतं, बसवलं असतं तर काय बिघडलं असतं?” काही बिघडलं नसतं. गाडी जास्त खरी झाली असती. आत अंधारात ते कुणाला दिसलंही नसतं, ना त्याचं, ना माझं.

मग मी स्वतःशी दुसरं कारण मांडून बघितलं. लॅबमधली प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या मापाची असते. दुसऱ्याचा जबडा, दुसऱ्याचा रंग, दुसऱ्याची तारीख. डबीत भरून गेली की परत दिसत नाही. गाडी ही एकच जागा आहे जिथं पुरे कधी म्हणायचं ते मी ठरवतो. मुलाचं चाक आलं ते पूर्ण होऊनच आलं. त्यात मला करायला काही उरलं नव्हतं. मला चाक नको होतं, चाकाचं काम हवं होतं. हे मला बरेच दिवस पटलं. पण तेवढंच असतं तर काम संपल्यावर गाडी कुणालाही देऊन टाकायला हवी. मी देत नाही. कपाटात काचेमागं ठेवतो, कुणी काच सरकवली तर मला राग येतो. म्हणजे वस्तूही हवीच असते. हेही कारण पुरं पडत नाही.

अभिमान आहे का? आहे. लपवत नाही. धंद्यात जो हात मी इतकी वर्षं बसवला तो आता कुणाला लागत नाही, आणि तो अजून चालतो हे मला दुसऱ्या कुठं बघायला मिळणार? पण नुसता अभिमान असता तर मी झाकण उघडं ठेवून सगळ्यांना दाखवत बसलो असतो. मागचं स्टेअरिंग मी कुणाला दाखवलेलं नाही.

तेव्हा विकत मिळतं तरी घासत का बसता, याचं उत्तर मला देता येतं : कडेची जाडी, मापं, काम हवं असणं, अभिमान, सगळं मिळून. तुमचं त्यानं भागेल. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यातून निघत नाही, आणि मी ते निघतं असं दाखवणार नाही.

पुढची गाडी ठरली आहे. इंडियन पॅटर्नची, टाटानगर म्हणतात ती. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडंच बांधलेली. कॅनडाहून आलेला फोर्डचा सांगाडा, टाटांच्या पोलादाचे पत्रे, रेल्वेच्या कारखान्यांत जोडलेले. १९४० ते १९४४ या काळात साडेचार हजारांवर निघाल्या. तिचं किट मला कुठल्या दुकानात मिळालं नाही, त्यामुळं सगळं मुळापासून. अंग मी पत्र्यातून कापणार. टायर मात्र चारही अगदी एकसारखे हवेत, नक्षीसकट, आणि ते माझ्या हातून एकसारखे होणार नाहीत. म्हणून मुलाला म्हटलं, तेवढे काढून दे.

“टायर चालतात, स्टेअरिंग चालत नाही?” त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो. त्याला ते पटलेलं नाही. टायरांची मापं मात्र त्यानं मागून घेतली आहेत.