वसुलीच्या यादीत विधानसभा

मार्चमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरीला कोणी चहा विचारत नाही. एरवी 'या भाऊसाहेब, बसा' म्हणणारा माणूस माझ्या मोटारसायकलचा आवाज ओळखून बांधाबांधाने पलीकडे निघून जातो. मी राहतो नाशिकला, म्हसरूळमध्ये. नोकरी दिंडोरी तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सोसायटीत. खरिपाचं पीककर्ज वाटायचं आणि ३१ मार्चच्या आत गोळा करायचं. मुदतीत भरलं तर तेव्हा एक लाखापर्यंत व्याज शून्य पडायचं, कारण ते केंद्र आणि राज्य मिळून सोसायचं. मुदत चुकली की सवलत गेली आणि खातं थकबाकीत.

२०१७ चा मार्च सुरुवातीपासूनच वाकडा होता. नोटबंदीनंतर टोमॅटो अक्षरशः रस्त्यावर ओतला गेला होता. सोसायटीची वसुली जिथे जमा होते त्या जिल्हा बँकांना १४ नोव्हेंबरपासून रिझर्व्ह बँकेने जुन्या नोटा घ्यायला बंदी केली, त्यामुळे हातात पाचशेची बंडलं असूनही लोकांना कर्ज भरता आलं नाही. त्यात उत्तर प्रदेशच्या प्रचारात कर्जमाफीचं आश्वासन दिलं गेलं आणि ११ मार्चला तिथे भाजप निवडून आला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मळ्यात मला एकच प्रश्न : तिकडे होते, मग इकडे का नाही?

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि वसुलीची यादी होती.

१८ मार्चला, शनिवारी, राज्याचं बजेट होतं. कर्जमाफीशिवाय बजेट नको म्हणून काँग्रेस-राष्ट्रवादीने अधिवेशन रोखून धरलं होतं. सत्तेत बसलेली शिवसेनाही तेच मागत होती. आदल्या दिवशी मुख्यमंत्री शिष्टमंडळ घेऊन दिल्लीला केंद्रीय अर्थमंत्र्यांना भेटून आले होते. गावात अशी हवा की आज होणारच.

दुपारी नाना आले. माझ्या यादीतलं सगळ्यात सरळ खातं. कधी स्मरणपत्र नाही, कधी चेअरमनमार्फत निरोप नाही. द्राक्षाच्या व्यापाऱ्याने दिलेली उचल बियाण्याच्या कापडी पिशवीत घालून थेट आणलेली. नव्वद हजार. गुलाबी दोन हजाराच्या नोटा आणि खाली शंभराची बंडलं. मी मोजली, पावती पुस्तकात कार्बन घातला, तारीख टाकली, नाव लिहिलं. रकमेपाशी आलो तर नानांनी पावतीवर तळहात ठेवला.

"थांबा भाऊसाहेब. भाषण होऊ द्या."

एका पोराने जिओच्या फुकट नेटवर मोबाईल लावून टेबलावर टाचणीच्या डबीला टेकवला. दहा-बारा जण भोवती गोळा झाले. बाहेर क्रेट भरायचे सोडून मजूरही दारात. राज्याचे अर्थमंत्री मुनगंटीवारांचं भाषण सुरू झालं, पण ऐकू येत होत्या त्या घोषणाच. फलक वर, अध्यक्षांचा 'बसा, बसा', मध्येच एखादा कोटीचा आकडा, पुन्हा गोंगाट. नाना कान मोबाईलला लावून बसले होते. मी पेन टोपणात घालत होतो, काढत होतो.

मुख्यमंत्र्यांनी सांगितलेला हिशेब तेवढा सगळ्यांना कळला : थकबाकीदार ३१ लाख, लागणारी रक्कम ३०,५०० कोटी, आणि नियमित भरणाऱ्यांवर अन्याय नको.

"त्या ३१ लाखांत मी आहे का?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. तुम्ही भरणाऱ्यांत."

"म्हणजे आज भरलं तर मी बाहेर, नाही भरलं तर आत?"

मी काय सांगणार! झालीच माफी तर मागच्या थकलेल्यांची होईल, असं म्हणालो. पण सेक्रेटरीचा पगार वसुलीवर निघतो हे गावाला पाठ असतं. माझ्या सल्ल्याला किंमत ती काय!

तेवढ्यात त्या पोराने जुन्या नोटिशीच्या पाठीवर आकडे मांडले. भाजप १२२. शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. खालच्या तिघांची बेरीज १४६. सभागृह २८८ चं, बहुमत १४५ ला. "बजेटच्या मतदानाला सेना फिरली तर सरकारच पडतं, नाना. माफी द्यावीच लागेल." इतका स्वच्छ हिशेब आमच्या वार्षिक सभेतही कोणी मांडलेला मला आठवत नाही. नानांनी पैसे पिशवीत भरले. अर्धी लिहिलेली पावती मी रद्द मारली. संध्याकाळपर्यंत दिंडोरी रोडवरच्या टपऱ्यांवर तोच हिशेब चालू होता आणि माझी वसुली त्या दिवसापासून ठप्प.

बजेटच्या वेळी गोंधळ घातला म्हणून २२ तारखेला विधानसभेने विरोधकांचे १९ आमदार ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित केले. त्यात आमचे दिंडोरीचे नरहरी झिरवाळही होते. (तेच झिरवाळ २०२० मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. राजकारणात काहीही होतं.) बजेट पास करायला सरकारला संख्या कमी पडू नये म्हणून हे केलं, असा विरोधकांचा आरोप होता. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक, पण पोराच्या कागदावर ते तसंच दिसत होतं : १४६ मधून १९ गेले की १२७, आणि उरलेल्या २६९ मध्ये बहुमत १३५. पुढे निलंबन टप्प्याटप्प्याने मागे घेतलं, तोवर इथल्या लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

नाना ३१ तारखेला आले, भरले आणि न बोलता गेले. आकडे मांडणाऱ्या पोराच्या बापाने मात्र भरलं नाही.

जूनमध्ये शेतकरी संपावर गेले, नाशिकचा भाजीपाला मुंबईला जायचा थांबला, आणि २४ जूनला ३४,०२२ कोटींची माफी जाहीर झाली. अट होती ३० जून २०१६ रोजी खातं थकीत असण्याची. म्हणजे बजेटकडे बघून मार्च २०१७ ला पैसे अडवणाऱ्यांना त्यातलं काहीच नाही. नाना नियमित भरणाऱ्यांच्या प्रोत्साहनाच्या यादीत बसले, कर्जाच्या २५ टक्के, साडेबावीस हजार. मला वाटलं, चला, सरळ माणसाचं भलं झालं. पण पोराच्या बापाचं खातं थकतच गेलं आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये दोन लाखांपर्यंतची दुसरी माफी आली. या वेळी तारीख ३० सप्टेंबर २०१९. तो अलगद बसला. नियमित भरणाऱ्यांना २०२० च्या बजेटने कबूल केलेले पन्नास हजार हातात पडायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

माफीला माझा विरोध नाही. ओतलेला टोमॅटो मी बघितलाय. माझं भांडण त्या तारखेशी आहे. ती मुंबईत नंतर ठरते आणि भरायचं की नाही हे लोक मला आधी विचारतात.

तेव्हापासून मी अधिवेशनाची तारीख बघून वसुलीला निघतो. जानेवारीत जेवढं येईल तेवढं खरं. २०२५ मध्ये तर आदल्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत कर्जमाफीचं आश्वासन दिलेलं असताना २८ मार्चला खुद्द अर्थमंत्री अजित पवारांनी बारामतीत सांगितलं, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. मी ती बातमी मोठ्या अक्षरात छापून सोसायटीच्या फळ्यावर लावली. चौघांनी भरलं. बाकीचे फळ्यापाशी उभे राहून वाचायचे आणि विचारायचे, "भाऊसाहेब, पावसाळी अधिवेशन कधी आहे?"