तपकीर गल्लीचा माल आणि मांखूत

१५ सप्टेंबर २०१८. घरी गणपती बसून दोन दिवस झाले होते आणि मी शेनझेनच्या बाओआन भागात, शाजिंगमधल्या एका कारखान्याच्या तळमजल्यावर घामाघूम उभा होतो. पुढ्यात सहाशे दहा कार्टन. सगळ्यांत दिवाळीच्या एलईडी माळा. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातून, दिवसाला चार फोन येत होते. १ ऑक्टोबरपासून चीन आठवडाभर सुट्टीवर जातो. त्याआधी कंटेनर यान्तियान बंदरातून सुटला नाही, तर माल दुकानात लागेस्तोवर दिवाळी उलटलेली. मग त्या माळा काय लग्नसराईत विकायच्या?

त्यात दुसऱ्या दिवशी वादळ येणार होतं. त्याचं नाव मांखूत. थायी भाषेत मँगोस्टीन, आपल्या कोकमाच्या कुळातलं फळ. फळाच्या नावाला काय भ्यायचं, असं मी म्हणालो. लाओबान्यांगना, म्हणजे मालकीणबाईंना, ते रुचलं नाही. दारात नेऊन त्यांनी रस्त्यापलीकडच्या शेड दाखवल्या. "मी हुनानहून आले तेव्हा तिथे कालवांची शेती होती. पाणी आलं तर आधी इकडेच येईल."

शाजिंगची कालवं पूर्वापार नावाजलेली. १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्र झालं, तेव्हा शेनझेनची वस्ती तीनेक लाखांची. २०१८ मध्ये सव्वा कोटीच्या वर. एवढ्यांना जागा हवी, म्हणून समुद्रात भर घालत गेले. शेनझेनच्याच फुथियेन भागात १९८४ पासून तिवरांचं राखीव जंगल आहे, पण आमच्या गोदामापुढे लाटा अडवायला तिवराचं एक झुडूपही नव्हतं.

नऊ जणांनी माल दुसऱ्या मजल्यावर चढवायला घेतला. साडेदहाला मालाची लिफ्ट बंद केली, पुढचं सगळं जिन्याने. स्वयंपाकीसुद्धा खांद्यावर कार्टन घेऊन. रात्री दीडला पाय उचलेनात, तेव्हा शेवटची रास खालीच लाकडी पॅलेटवर ठेवली. माझाच निर्णय.

रविवारी सरकारने कामधंदा बंद ठेवायला लावला. तीन दिवसांत एक मजला चढवल्याची फुशारकी मारणारं हे शहर, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही! खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या. दुपारी समोरच्या शेडचा पत्रा सुटला आणि कागदासारखा उडत गेला. संध्याकाळी वादळ पश्चिमेला ताइशानजवळ जमिनीवर आलं, तरी इथे शटरखालून चहाच्या रंगाचं पाणी आत येतच होतं. आम्ही जिन्यात बसून पायऱ्या मोजत होतो. पाणी दुसऱ्या पायरीला लागून थांबलं.

सोमवारी रस्ते आडव्या पडलेल्या झाडांनी अडलेले. खालचे एकोणीस कार्टन तळाशी लगदा झाले होते. एक फोडून माळ लावून पाहिली. अर्धी पेटली.

"या एकोणीसचे पैसे मी देणार नाही," मी म्हणालो.

बाई चिखल लोटत होत्या. "खाली कुणी ठेवायला सांगितले?" झाडू न थांबवता त्या म्हणाल्या. "निम्मे द्या."

निम्मे दिले. कंटेनर २६ तारखेला सुटला.