४५०० कशाचे?

मी जळगावात रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. डॉक्टर डोस ठरवतात; तो तितकाच आणि तिथेच पडेल याचा हिशोब माझ्याकडे.

मध्यंतरी रावेरकडच्या एक आजी आल्या. कॅन्सर मणक्यात पसरलेला, दुखण्यानं बसवत नव्हतं. काही वर्षांपूर्वी दुसरीकडे शेक (रेडिएशन) घेतलेला. तिथल्या समरीत टाइप केलं होतं: ४५०० मिलीग्रे, २५ फ्रॅक्शन. ग्रे हे किरणांच्या डोसचं माप, फ्रॅक्शन म्हणजे एका वेळचा हिस्सा. ४५०० मिलीग्रे म्हणजे अवघे साडेचार ग्रे! आमच्या निवासी डॉक्टरनं ते खरं मानून नेहमीचे ३० ग्रे, १० फ्रॅक्शन लिहिले.

मला पटेना. ४५०० भागिले २५, रोजचे १८०. रोज १८० मिलीग्रे कोण देतं? १८० सेंटीग्रे, म्हणजे १.८ ग्रे, हा मात्र आमचा रोजचा डोस. मुलाकडे जुनं कार्ड मागितलं. त्यानं पिशवीतून काढून दिलं. रकान्यात खाली खाली १८०, १८०, १८०. एकक कुठंच नाही. भाग तोच, छातीमागचा मणका. फोन करून खात्री केली: ४५ ग्रे.

१९७५ साली ग्रे हे एकक आलं. १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल, जुने १०० रॅड. १ सेंटीग्रे बरोबर १ रॅड, म्हणून जुन्या डॉक्टरांनी आकडे तेच ठेवले आणि पुढचं एकक लिहायचं सोडलं. हा निव्वळ आळस आहे. सीटीच्या रिपोर्टवर मिलीग्रे असतं, टाइप करणाऱ्यानं बहुधा तेच लावून दिलं.

मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूची नेहमीची मर्यादा ५० ग्रे. एका वेळचा डोस मोठा असेल तर तो मज्जारज्जूला जास्त लागतो, म्हणून सगळं रोज २ ग्रेच्या हिशोबात बसवलं तर आधीचे जवळपास ४३ आणि नवे साडेसदतीस, बेरीज ८० वर. मधल्या वर्षांत मज्जारज्जू थोडा सावरतो, पण इतका नाही. पाय कायमचे जाऊ शकले असते.

"मायले आखो शेक चालई का?" मुलानं विचारलं. चालेल, पण एकदाच, असं आमच्या मॅडमनी ठरवलं: ८ ग्रे, एक फ्रॅक्शन. त्याच हिशोबात बेरीज ६३, म्हणजे ५० च्या वर, पण मधल्या वर्षांतल्या सावरण्यात बसणारी. आजींचं दुखणं बरंच उतरलं.

त्या केंद्राला मी लेखी कळवलंय, जुन्या समऱ्या तपासा म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही. तशीच समरी घेऊन आणखी कोण कुठल्या दवाखान्यात बसलं असेल, आणि त्याच्याकडे जुनं कार्ड असेल का, हे डोक्यातून जात नाही.