बालवाडीसाठी सॉफ्टवेअर घेताय? आधी माऊस मुलाच्या हातात द्या

सोलापूरच्या पूर्व भागात आमची बालवाडी आहे. बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, गल्लीत आणि वर्गात मराठी. संस्थेला एका बँकेने वापरून बाजूला काढलेले कॉम्प्युटर दिले. ते ठेवायला खोली मिळाली, टेबलांचे पाय कापून उंची मुलांच्या मापाची केली, वायरिंगही झालं. हे सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते सॉफ्टवेअरपाशी, आणि तेही एकाच विक्रेत्याच्या हट्टापायी. त्याची चीड अजून गेलेली नाही.

हा विक्रेता डेमो द्यायला आला तो स्वतःचा नवाकोरा लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन. पडद्यावर हत्ती नाचला, सफरचंदं पडली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. सचिव सर खूश झाले. पण तेवढा सगळा वेळ माऊस त्याच्याच हातात होता. मी म्हटलं, "आता एका मुलाला बसवू या." तर म्हणाला, "मॅडम, मुलं बसतीलच की नंतर. आधी ऑर्डर तर द्या." मी आमच्या कॉम्प्युटरवर टाकून बघायला प्रत मागितली. त्यावर शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र मागितलं. दिलं. मग गड्ड्याची यात्रा (आमची सिद्धेश्वराची जत्रा) संपू द्या म्हणाले. यात्रा संपली तर साहेब पुण्याला. साहेब आले तर 'ट्रायल फक्त ऑर्डर दिलेल्यांना'. हे ऐकल्यावर मी सचिव सरांना स्पष्ट सांगितलं की मुलांनी वापरल्याशिवाय चेकवर सही करू नका. चपलासुद्धा आपण पोराच्या पायात घालून बघतो. सर माझ्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा कुठे सीडी आली.

आणि ती आल्यावर माझा आग्रह किती बरोबर होता ते पहिल्याच तासात कळलं. आमच्या जुन्या मशीनवर चित्र यायच्या आधी आवाज यायचा. सूचना सगळ्या इंग्रजीत, त्याही भरभर. चार वर्षांचा मुलगा बटण दाबून धरून चित्र टोपलीपर्यंत ओढत न्यायला गेला, तर निम्म्या वाटेत बोट सुटायचं आणि चित्र परत जागेवर. तीन-चारदा असं झाल्यावर त्याने माऊस सोडून दिला.

सर्वात वाईट भाग चुकीच्या उत्तराचा. उत्तर बरोबर आलं की एक छोटा तारा. चुकलं की जोकर धडपडणार, डोक्यावर बादली पडणार, मोठ्ठा आवाज होणार. मुलांनी दोन मिनिटांत ओळखलं की मजा कुठे आहे, आणि मुद्दाम चुकीचं दाबायला लागली. एक मुलगी तर डावीकडून उजवीकडे सगळी चित्रं ओळीने दाबत होती. बरोबर आलं तरी तिला ते कळत नव्हतं. हे त्या लॅपटॉपवरच्या डेमोत कसं दिसणार? दाबणारा मोठा माणूस होता, तो चुकणारच नव्हता.

शिवाय परवाना दर कॉम्प्युटरला वेगळा, दर वर्षी नवा. हार्ड डिस्क बदलली तर परवान्याचं काय, असं विचारलं तेव्हा "बघू की मॅडम, फोन करा" एवढंच उत्तर. आमची मशिनं जुनी, वरचेवर फॉरमॅट करावी लागतात. मी ते लेखी मागितलं. लेखी आजतागायत आलं नाही, म्हणून सॉफ्टवेअरही घेतलं नाही. तुम्हीही हा प्रश्न लेखीच विचारा.

शेवटी संस्थेच्याच एका माजी विद्यार्थ्याने जीकॉम्प्री आणि टक्स पेंट टाकून दिलं. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त, कितीही कॉम्प्युटरवर टाका. जीकॉम्प्री म्हणजे छोट्या-छोट्या खेळांचा संच, 2000 साली फ्रान्समध्ये सुरू झालं, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात माऊस नुसता फिरवून पडदा पुसायचा आणि खालचं चित्र उघडायचं असा खेळ आहे. तिथूनच सुरुवात करा. मग एका क्लिकने पुसायचं, मग डबल क्लिकने. त्यानंतर पोहणाऱ्या माशांवर क्लिक करायचं. तो खेळ लावला की एकीकडून तेलुगूत "चेपा, चेपा!" आणि दुसरीकडून "मासा पळाला!" असा गलका होतो. ओढत न्यायचे खेळ आम्ही त्यानंतरच काढतो.

जीकॉम्प्रीत प्रत्येक खेळाला अवघडपणाचे तारे असतात. सेटिंगमध्ये जाऊन कमी ताऱ्यांचेच खेळ दिसतील असं करून ठेवा, नाहीतर मुलं मोठ्यांच्या गणितात जाऊन अडकतात.

टक्स पेंट 2002 चं, चित्रं काढायचं. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. चित्र साठवताना फाइलचं नाव विचारत नाही, हे मला फार आवडलं. ज्याला अजून अक्षर येत नाही त्याला नाव काय विचारायचं? त्याच्या सेटिंगमध्ये माऊसचं कुठलंही बटण चालेल असा पर्याय आहे, तो जरूर लावा. मुलं तळहाताने दोन्ही बटणं एकदम दाबतात. प्रिंटची सोय बंद करा. नाहीतर रंगाची शाई आठवड्यात संपेल.

हो, आणि वेळेचं राहिलंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात पडद्यासमोर एक तासापेक्षा जास्त बसू नये, कमी तितकं बरं. घरी मोबाइल असतोच, म्हणून आम्ही एका मुलाला एका वेळी पंधरा मिनिटंच देतो. एका कॉम्प्युटरवर दोघं बसवतो, एक माऊस धरतो, दुसरा बोट दाखवून सांगतो, मग अदलाबदल. स्पीकरचा आवाज बंद ठेवला तरी चालतं. ताई शेजारी उभ्या राहून मराठीत सांगतात, लागलं तर तेलुगूत.

कोणाला विकतचंच घ्यायचं असेल तर जरूर घ्या, माझी हरकत नाही. फक्त विक्रेत्याला सांगा की लॅपटॉप बॅगेतच राहू दे, आमच्या मशीनवर टाका आणि तुम्ही भिंतीपाशी उभे राहा. आमच्याकडे आता नवीन कोणी आला तर सचिव सर स्वतःच त्याला हे सांगतात.