तिसरं उड्डाण आणि डावा ब्रेक

हवेत विमान अगदी शहाण्यासारखं वागलं. स्वतः रिव्हेट ठोकून बांधलेलं, त्यामुळे धाकधूक होतीच. पण खरी गंमत उतरल्यावर. डाव्या ब्रेकचं पेडल दाबलं तर थेट तळाला! पुढचं चाक मोकळं फिरणारं, हळू वेगात वळायचं ते डाव्या-उजव्या चाकांच्या वेगवेगळ्या ब्रेकवरच. उजवा दाबला की स्वारी निघाली गवताकडे. इंजिन बंद केलं आणि गुपचूप उतरून ढकलत आणलं.

चाकाचं आवरण काढलं तर कॅलिपरखाली (ब्रेक आवळणारा भाग) लाल ब्रेक-तेलाचा ओघळ. ओ-रिंगला, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्याला, केसाएवढी चीर. नवी घातली, खालून वर तेल चढवत हवेचे बुडबुडे काढले. (गाडीचं ब्रेक ऑइल यात चालत नाही, सील फुगतात. कसं कळलं ते विचारू नका.)

आता पेडल कडक लागतंय. उद्या उड्डाण नाही, नुसतं टॅक्सी, म्हणजे जमिनीवरच चालवून बघणं.