वर टाक, माळ्यावर

‘तिसरा माळा, जिन्याजवळची खोली’ हा पत्ता मुंबईच्या पोस्टमनला बिनचूक कळतो. कोकणातून नवा आलेला माणूस मात्र जरा थबकत असणार. माळ्यावर कोण राहतं?

त्याचा माळा म्हणजे तुळयांवर फळ्या ठोकून केलेली जागा. शिडी लावून चढायचं. वर पेंढा, नारळ, पावसाळ्यासाठी भरलेली लाकडं. चुलीचा धूर वर चढतो, फळ्या काळ्याकुट्ट होतात, पण सामान कोरडं राहतं. घाटावर ज्वारीच्या रानात चार मेढी रोवून बांधतात तोही माळाच. त्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो. जमिनीपासून उचललं की झाला माळा, इतका हा शब्द उदार आहे.

मुंबईत तो मजला झाला आणि मग त्याच्या पोटात आणखी एक शिरला: पोटमाळा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. भिंती सरकत नाहीत म्हटल्यावर माणसं वर सरकली. वर अभ्यास, वर पाहुणे, नवं लग्न झालेल्यांचा संसारही वरच. पोटमाळ्यावर झोपणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर पंखा फिरतो आणि वारा सगळा खालच्यांना. रात्री पाणी प्यायला उतरायचं तर अंधारात कुणाच्या तरी पायावर पाय ठरलेला. मुंबईच्या १९९१ च्या बांधकाम नियमावलीत अशा जागेची उंची जास्तीत जास्त दीड मीटर, आणि तीही सामान ठेवण्यापुरती. दीड मीटरमध्ये बिचाऱ्या सामानाला वाकावं लागत नाही!

आता फ्लॅटमध्ये माळा बाथरूमच्या डोक्यावर गेला. इंटिरियरवाले त्याला ‘लॉफ्ट’ म्हणतात आणि दारं लावून झाकतात, ते बरंच करतात. आत टीव्हीचा रिकामा खोका (वॉरंटी संपून जमाना झाला), मखराचा थर्माकोल, पाटा-वरवंटा, लग्नात आलेले आणि पुढे कुणाला तरी द्यायचे म्हणून ठेवलेले डिनर सेट. आमच्याकडे ‘वर टाक’ असं कुणीही कुणालाही सांगतं. ‘वरून काढ’ मात्र उंचीमुळे माझ्याच वाट्याला येतं. दिवाळीच्या आधी स्टुलावर चढून मी चकलीचा सोऱ्या खाली देतो. तो घासूनपुसून ठेवला जातो, आणि चकल्या दुकानातूनच आणायच्या असं ठरलं की पुन्हा वर जातो.